वाचकांचे प्रश्न : डॅशबोर्डचा रंग बदलताना

डॅशबोर्ड रंगवणं, चिकटपणा काढणं, अख्खा डॅश बदलणं अशा विषयांवरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जिथे पॅनल किंवा वायरिंगला हात लागणार आहे तिथे बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढलेली आहे असं धरूनच उत्तरं दिली आहेत. प्रत्येक उत्तरात ते पुन्हा लिहिलेलं नाही.

माझ्या २०१४ सालच्या हॅचबॅकचा डॅशबोर्ड वर काळा आणि खाली बेज आहे. बेज भाग मळून पिवळट पडलाय, घासूनही निघत नाही. घरीच काळा करता येईल का? कोणता रंग, किती डबे, काय क्रम? — एक वाचक, डोंबिवली

येईल. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला डॅशचा खालचा भाग सोपा, कारण तो सुट्या तुकड्यांचा असतो. ग्लोव्हबॉक्स, स्टीअरिंगखालचं पॅनल, एसी आणि स्टीरिओभोवतीची चौकट, गिअरभोवतीचा कन्सोल हे तुकडे बाहेर काढा आणि बाहेरच रंगवा. गाडीत बसून, वर्तमानपत्रं चिकटवून स्प्रे मारायचा विचार सोडा. कडा रंगत नाहीत आणि काचेवर, सीटवर रंगाची बारीक धूळ बसते ती वेगळीच.

काढायला प्लास्टिकचा ट्रिम टूल घ्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की बेज प्लास्टिकवर चंद्रकोरीसारखी खूण पडते आणि ती रंगाखालूनही दिसते. थंडीत सकाळी प्लास्टिक कडक असतं, क्लिपा तडातड तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवून दुपारी काम सुरू करा. तरीही दोनचार क्लिपा जाणारच, तेव्हा तुमच्या मॉडेलच्या दहाएक आधीच आणून ठेवा. स्क्रू ठेवायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उत्तम: एका खळग्यात एका पॅनलचे स्क्रू, शेजारी पेनाने नाव. डॅशचे स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की पुढून पॅनलला फोड आल्यासारखा उंचवटा येतो.

तुकडा हातात आला की उलटा करा. मागच्या बाजूला साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात आणि पुढचं सगळं काम त्यांच्यावर ठरतं. ‘पीपी’, ‘पीपी-टीडी२०’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क मिसळलेला आहे. ‘एबीएस’ किंवा ‘पीसी+एबीएस’ असेल तर काम निम्म्यावर आलं, कारण त्यावर रंग सहज धरतो. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र काहीच धड चिकटत नाही. रंगही नाही, साधा गोंदही नाही. त्याच्यासाठी अ‍ॅढिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी मारायचा पातळ थर, लागतोच. अक्षरं नसतील तर आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस मऊ पडून चिकट होतं, पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. तुकडा पाण्यात टाकून बघायची जी युक्ती सांगितली जाते ती इथे फसवते: शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पण टाल्क मिसळलेलं एबीएससारखंच बुडतं.

आता धुणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दाण्यादाण्यातला मळ काढा. मग करड्या रंगाच्या स्कॉचब्राइटने, पाणी आणि साबण लावूनच, पूर्ण पृष्ठभाग मंद होईपर्यंत घासा. वॉटर पेपर नको. तो चामड्यासारख्या नक्षीची डोकी कापतो आणि मग रंगावर चकचकीत चट्टे दिसतात. पुन्हा धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेलकटपणा फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो.

स्वच्छ झालं की नाही हे पाणीच सांगतं. पॅनल उभं धरून त्यावर तांब्याभर पाणी ओता. सलग पातळ थर काही सेकंद टिकला तर ठीक. जिथून पाणी फाटून मागे सरकतं, थेंब गोळा होतात, तिथे अजून तेल किंवा पॉलिश आहे. ही खूण एबीएसवर भरवशाची. कोरं पॉलिप्रॉपिलीन मुळातच पाणी झटकतं, म्हणून तिथे नुसते थेंब बघू नका, एखाद्याच पट्ट्यात पाणी वेगळं वागतंय का ते बघा.

पीपी असेल तर अ‍ॅढिजन प्रमोटरचा एकच पातळ हात मारा, इतका की ओलसर चमक दिसेल पण ओघळ येणार नाही. डब्यावर दिलेल्या वेळात, साधारण १० ते ३० मिनिटांत, त्यावर रंग सुरू व्हायलाच हवा. उद्या मारू म्हणून ठेवलं तर प्रमोटर लावून न लावल्यासारखंच. मध्ये घासायचं नाही, हाताळायचं नाही.

रंग व्हिनाइल आणि प्लास्टिकसाठीचा, मॅट किंवा सॅटिन घ्या. बाहेरच्या बॉडीचा लॅकर नको, तो कडक असतो आणि ग्लोव्हबॉक्सच्या बिजागरीसारख्या वाकणाऱ्या जागी तडकतो. डबा दोन मिनिटं चांगला हलवा, थंड असेल तर आधी कोमट पाण्यात उभा ठेवा. उकळतं पाणी किंवा गॅसची शेगडी यांच्या जवळपासही नको. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. दट्ट्या पॅनलच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका विरळ की बेज रंग खालून स्पष्ट दिसला पाहिजे. नवख्यांचा धीर इथेच सुटतो. पहिल्याच हातात झाकायला गेलं की ओघळ आलाच. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं, असे तीन ते चार हात. खूप लांबून मारलं तर रंग हवेतच सुकून पडतो आणि हात फिरवल्यावर वाळूसारखा लागतो. खूप जवळून मारलं तर नक्षी भरून जाते.

४०० मिलीचा एक डबा तीन हातांना साधारण एक चौरस मीटर पुरतो. वर सांगितलेल्या चार तुकड्यांना दोन डबे लागतील, तीन आणा. तिसरा नंतर ओरखड्यांना उपयोगी पडतो. दारांची पॅडंही काळी करणार असाल तर हिशेब दुप्पट धरा.

२४ तासांनी हाताळता येतं, पण गाडीत बसवायची घाई करू नका. उघड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा, नाहीतर आत उरलेलं सॉल्व्हंट पुढच्या काचेवर आतून धुरकट थर देतं आणि डोकंही दुखवतं. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. तोपर्यंत नखाने ओरखडा पडतो. तोंडावर कापडी मास्क किंवा एन-९५ चालणार नाही, ते वाफ अडवत नाहीत. कार्बन काडतुसाचा मास्क घ्या. आणि हार्डनर मिसळायचा टू-के रंग घरी नकोच. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो.

गेल्या डिसेंबरात डॅश काळा केला, छान दिसत होता. एप्रिलमध्ये पोपडे सुटायला लागले. काही ठिकाणी पहिल्या दिवसापासूनच बारीक गोल खळगेही होते. रंग डुप्लिकेट निघाला का? — एक वाचक, नागपूर

रंगाला दोष देण्याआधी त्याच्याखाली काय होतं ते बघा. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका दिसतात.

गोल खळगे म्हणजे रंगारी ज्याला फिश आय म्हणतात ते. कारण जवळजवळ नेहमी एकच: डॅशबोर्ड पॉलिश. चकाकी देणाऱ्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल असतं. रंग त्याच्यावरून मागे सरतो आणि मध्ये खळगा उरतो. वर्षानुवर्षं दर रविवारी पॉलिश चोळलेला डॅश एका पुसण्यात स्वच्छ होत नाही. साबण, स्कॉचब्राइट, मग सिलिकॉन काढणारा वॅक्स अँड ग्रीज रिमूव्हर, पुन्हा साबण, असं दोनदा करावं लागतं. आणि रंगकाम चालू असताना शेजारी कुणी टायर पॉलिशचा स्प्रे मारू नये. त्याचे उडालेले कणही पुरतात.

पोपडे म्हणजे पीपीवर प्रमोटरशिवाय रंग. हिवाळ्यात तो नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो. नागपूरच्या उन्हात काचा बंद करून उभ्या गाडीचा डॅश ७० अंशांच्या पुढे सहज जातो, प्लास्टिक फुगतं, संध्याकाळी आकसतं. रंगाचा थर त्याच्याबरोबर हलत नाही आणि कडेपासून सुटतो.

यावरून पुन्हा रंग मारू नका. सुटलेल्याच्या कडेला चिकटपट्टी दाबून ओढा. प्रमोटर नसेल तर बराचसा रंग पापुद्र्यासारखा निघेल, उरलेला प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. थिनर वापरायचा मोह आवरा: पीपीला त्याने फारसं होत नाही, पण शेजारच्या एबीएस चौकटीवर थेंब पडला तर ती वितळते. नवा रंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मिलिमीटरभर अंतराने ओढा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन उचलले गेले नाहीत तर उन्हाळा निघेल.

डॅशला रेक्झिन चढवतोय. पॅसेंजरकडच्या एअरबॅगच्या झाकणावरही तेच चढवायचंय, नाहीतर मधेच वेगळं दिसतं. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही ब्लेडने हलका काप देतो, बॅग फाडून बाहेर येते.’ — एक वाचक, कोल्हापूर

नाही. रेक्झिन नाही, विनाइल नाही, रंगाचा जाड थरही नाही.

झाकण कुठल्या रेषेवर फाटायचं, कुठल्या बाजूला उलटायचं हे कंपनीने मोजून ठरवलेलं असतं, आणि बॅग सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. वर चिकटवलेलं कापड झाकणाला उशीर करतं, बॅगची दिशा बदलतं, किंवा तुकडा सुटून बसलेल्याच्या तोंडावर येतो. हाताने दिलेल्या कापाची खोली कुणी मोजलेली नसते.

काही गाड्यांत झाकणाची रेषाच दिसत नाही. ती मागच्या बाजूने कमकुवत केलेली असते आणि वरून डॅश सलग दिसतो. ‘एसआरएस एअरबॅग’ ही अक्षरं शोधा. ती जिथे असतील त्याच्या आजूबाजूचा सगळा वरचा भाग जसाच्या तसा सोडा. वेगळं दिसू नये म्हणून दुसरीकडून जुळवून घ्या: झाकणाचा मूळ रंग धरून बाकीचं रेक्झिन निवडा. मूळ काळ्याशी काळं बरोबर जुळतं, टॅन आणि मरून जुळत नाही.

काम झाल्यावर सगळं जोडलं, पण एअरबॅगचा दिवा विझतच नाही. वायर तुटली असेल का? मल्टीमीटरने बघू का? — एक वाचक, पुणे

मल्टीमीटर एअरबॅगच्या कनेक्टरला लावू नका, कधीच नाही. तो तपासण्यासाठी स्वतःचा विद्युतप्रवाह सोडतो आणि तेवढाही बॅग फुगवणारं स्फोटक चेतवायला पुरू शकतो.

दिवा लागून राहण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सुटा असताना कुणीतरी किल्ली फिरवली, गाणी लावायला किंवा काच खाली करायला. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटने चूक नोंदवून ठेवली. नंतर कनेक्टर नीट बसवला तरी ही नोंद बऱ्याच गाड्यांत आपोआप जात नाही, स्कॅनर लावून काढावी लागते. आधी बॅटरी काढून पिवळे कनेक्टर पूर्ण बसलेत का बघा. दुसरी छोटी कडी दाबल्याशिवाय ते खरे बसत नाहीत, अर्धवट बसलेले वरून ठीक दिसतात. मग स्कॅनर.

स्टीअरिंग व्हील काढलं होतं का? डॅशचे खालचे तुकडे रंगवायला ते काढायची गरज नसते. काढलंच असेल तर त्याखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली पट्टीसारखी केबल, जागेवरून फिरली असेल आणि पहिल्या पूर्ण वळणावर तुटली असेल. हॉर्नही वाजत नसेल तर संशय तिच्यावरच. पुढच्या वेळी चाकं सरळ करूनच व्हील उतरवा आणि क्लॉक स्प्रिंग फिरू नये म्हणून तिला लगेच चिकटपट्टी लावा.

बॅटरी काढल्यावर एअरबॅगला हात लावायच्या आधी थांबायचं असतं, कारण कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. पुस्तिकांत दीड ते तीन मिनिटं असा काळ दिलेला आढळतो. १५ मिनिटं थांबा. चहा होतो तेवढ्यात.

दहा वर्षांच्या गाडीचे दाराचे हँडल आणि एसीची बटणं चिकट झाली आहेत. बोटाला काळं लागतं, धूळ बसली की निघत नाही. — एक वाचक, मडगाव

हा मळ नाही. प्लास्टिकला मऊ स्पर्श यावा म्हणून कारखान्यात दिलेला पॉलियुरेथेनचा थर आहे आणि तो हवेतल्या दमटपणाने तुटतोय. किनारपट्टीवर हे लवकर होतं. टाल्कम पावडर लावली की आठवडाभर बरं वाटतं, मग राखाडी लगदा होतो. तो थर परत जिवंत होत नाही, काढूनच टाकायचा.

नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, हँडलवर गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, मग खरखरीत सुती फडक्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. एका हँडलला चार-पाच फेऱ्या लागतात, फडकी भरपूर लागतात. खाली बहुधा काळंच कडक एबीएस निघतं. तसंच ठेवलं तरी चालतं, किंवा सॅटिन काळा मारा. अ‍ॅसिटोन नको, हँडलच वितळेल.

बटणांशी मात्र जपून. आत दिवा असलेलं बटण मुळात पांढरट पारदर्शक असतं, त्यावर काळा रंग दिलेला असतो आणि पंख्याचं, बर्फाचं चिन्ह त्या काळ्यातून लेझरने कोरलेलं असतं. अल्कोहोलने काळं निघालं की रात्री अख्खं बटण कंदिलासारखं पेटतं आणि चिन्ह गायब. बटणावर फडकं फक्त ओलसर करून, हलकेच, वरचा चिकट थर जाईपर्यंतच फिरवा. फडक्यावर गडद काळं यायला लागलं की थांबा. आधीच खराब झालं असेल तर बटणांचा सुटा संच मिळतो का ते बघा, हाताने चिन्ह रंगवलेलं बरं दिसत नाही.

इथल्या उन्हात डॅशच्या वरच्या भागाला काचेजवळ चार लांब भेगा गेल्यात. भेगा भरून रंगवता येतील का? गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह आहे. — एक वाचक, दुबई

भरता येतात, पण टिकतील असं सांगणार नाही. तुमच्या डॅशचं वरचं कातडं बहुधा पीव्हीसीचं आहे, खाली फोम. पीव्हीसी मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर उष्णतेने उडून जातं. काचेवर आतून जो तेलकट थर येतो त्यात तेही असतं. कातडं कडक होतं, आकसतं आणि जिथे ताण जास्त तिथे फाटतं. भेग भरली तरी उरलेलं कातडं आकसतच राहतं, म्हणून नवी भेग शेजारी पडते.

त्यापेक्षा तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात बनवलेली एबीएसची टोपी, म्हणजे पूर्ण वरचा भाग झाकणारं कवच, मिळत असेल तर ती घ्या. भेगांच्या वर आलेल्या कडा ब्लेडने सपाट करा, मागे सिलिकॉन सीलंटच्या रेघा द्या, रात्रभर पुस्तकांचं वजन ठेवा. तुमच्या गाडीत पॅसेंजर एअरबॅग उजवीकडे आहे. त्या जागी कवचाला खिडकी कापलेली असली पाहिजे. सलग कवच स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. भेग एअरबॅगच्या झाकणातूनच गेली असेल तर कवच, फिलर दोन्ही बाद, तो डॅश बदलायचा.

रंग मॅट आणि गडदच ठेवा.

वरचा डॅशही बेज किंवा पांढरा करावा म्हणतो, गाडी आतून मोठी वाटेल. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मोठी वाटेल, पण समोरचा रस्ता दिसणार नाही. तिरप्या काचेत डॅशच्या वरच्या भागाचं प्रतिबिंब पडतं. दुपारी पांढऱ्या डॅशवर ऊन आलं की काचेवर दुधी पडदा येतो, आणि रस्त्यावरचा राखाडी स्पीडब्रेकर त्यातच विरघळतो. रॅलीच्या गाड्यांत डॅशवर काळी मखमल चढवतात ती याच कारणासाठी. काळाही चकचकीत असेल तर हाच त्रास. बेज हवंच असेल तर खाली करा, दारांवर करा.

अपघातात डॅश तडकला. भंगारातून अख्खा डॅश आणून बदलायचा म्हणतो. काय बघून घ्यावा आणि घरी बसवता येईल का? — एक वाचक, नाशिक

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ, शोधलं तर सापडेल. घासाघीस नंतर करा, आधी चार गोष्टी जुळवा. पहिली, व्हेरिअंट: एअरबॅगवाला आणि बिनएअरबॅगचा डॅश आतून वेगळा असतो. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पॅसेंजरची नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून, म्हणून त्याआधीच्या एकाच मॉडेलचे दोन-तीन प्रकारचे डॅश बाजारात आहेत. दुसरी, एसी हाताचा की ऑटोमॅटिक: चौकटीची भोकं जुळत नाहीत. तिसरी, मागचे कान: डॅश ज्या कानांवर गाडीच्या आडव्या लोखंडी बीमला बसतो ते कान तुटलेले नकोत, तुटले की डॅश जन्मभर खडखडतो. चौथी, एअरबॅगचं झाकण: फाटून पुन्हा चिकटवलेलं, आतून शिवलेलं, वर रेक्झिन चढवलेलं असेल तर तो डॅश तिथेच ठेवा. भंगारातलं एअरबॅग मोड्यूल तर घ्यायचंच नाही.

तुमच्या अपघातात बॅगा फुटल्या होत्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फुटल्या असतील तर डॅशबरोबर मोड्यूल, कंट्रोल युनिट, आणि बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टही बदलावे लागतात. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचंच.

फुटल्या नसतील तर घरी जमतं. दोन माणसं आणि पूर्ण एक दिवस धरा. साधारण क्रम असा: कन्सोल, स्टीरिओ, एसी पॅनल, मीटर, ग्लोव्हबॉक्स, काचेच्या बाजूचे दोन खांबांचे पट्टे (कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर उलगडणारी, असेल तर ते सावकाश), मग स्टीअरिंग कॉलम खाली सोडायचा. त्यानंतर पॅसेंजर एअरबॅगला बीमशी जोडणारे बोल्ट, आणि शेवटी दाराजवळच्या टोप्यांमागचे, काचेखालच्या जाळीतले स्क्रू. दहा नंबरचा पाना आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर यांनी बरंचसं उरकतं, काही गाड्यांना टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांचा, लागतो. डॅश सैल झाला तरी हलत नसेल तर ओढू नका. एखादा स्क्रू राहिलाय, बहुधा मीटरच्या किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे.

बसवताना वायरिंगच्या प्रत्येक क्लिपेला तिच्या भोकात परत घाला. लोक कंटाळतात ती हीच जागा, आणि महिन्याभराने ‘नवा डॅश वाजतो’ म्हणतात. प्लास्टिकला प्लास्टिक टेकतं तिथे फेल्टची पट्टी लावा. मीटर मात्र स्वतःचाच ठेवा. भंगाराच्या डॅशबरोबर आलेला मीटर लावलात तर किलोमीटर दुसऱ्याच गाडीचे दिसतील आणि विकताना तुम्हीच अडचणीत याल.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही यातलंच एक उपयोगी: किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद केलाय, आणि डॅशवरच्या नव्या रेक्झिनखाली काय आहे ते विचारा.

पावसात स्प्रे मारला तर काळ्यावर पांढरी धुक्यासारखी झाक आली. — एक वाचक, रत्नागिरी

सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि ओल्या रंगात अडकते. कोरड्या दिवशी त्यावर एक अगदी विरळ हात मारा, बहुतेक वेळा झाक जाते. नाही गेली तर स्कॉचब्राइट फिरवून पुन्हा. तुमच्याकडे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहानंतर.

जुन्या जीपचा डॅश पत्र्याचाच आहे. त्याला प्लास्टिकचा स्प्रे चालेल का? — एक वाचक, सातारा

तिथे सगळं उलटं. प्रमोटरचं काम नाही, गंज हा शत्रू. मीटर, स्विच काढून जुना रंग पेंट रिमूव्हरने पत्र्यापर्यंत उतरवा, मीटरच्या भोकांच्या कडा आणि घड्या बोटाने चाचपून गंज काढा, ८० नंबरच्या सँडपेपरने सुरू करून १८० पर्यंत या. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे, रात्रभर उघडा ठेवला की सकाळी तांबूस झाक येते. खड्डे असतील तर प्रायमरवर पुट्टी, ३२० ने घासून पुन्हा प्रायमर, ४०० ओला, मग रंगाचे तीन हात. मीटरच्या बॉडीला अर्थ जिथून मिळतो त्या जागेचा रंग खरवडून ठेवा, नाहीतर रंग झाल्यावर पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवतो आणि वायरिंगला उगाच दोष जातो.

डॅशचा रंग बदलला तर आरटीओत नोंद लागते का? — एक वाचक, ठाणे

आरसी बुकात बाहेरच्या बॉडीचा रंग असतो. तो बदलला तर नोंद करून घ्यावी लागते. आतल्या डॅशच्या रंगाचा रकानाच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पॅनल उघडण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. वायरिंगला हात लावला म्हणून नंतर दावा अडू शकतो.